घरातल्या नेटवर्कसाठी प्लॅस्टिक फायबरचं किट निवडताना: आधी भिंत बघा, मग डबी

आमच्या घरात राउटर एका टोकाला आणि कामाची खोली दुसऱ्या टोकाला. मध्ये तीन भिंती, त्यातली एक काँक्रीटची. वायफाय रिपीटर लावून बघितला, व्हिडिओ कॉल तरीही तुटायचे. मग विजेच्या तारांवरून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर आणले. ते रात्री छान चालायचे आणि दिवसा घरातली मोटर किंवा ड्रिल सुरू झालं की आडवे व्हायचे. नवी केबल टाकायची तर भिंत फोडावी लागणार होती. शेवटी प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबर भिंतीतल्या जुन्या पाइपातून ओढलं आणि गेली तीन वर्षं ते चालू आहे.

मात्र पहिलं किट मी चुकीचं घेतलं होतं. खोक्यावर लिहिलेला वेग बघून घेतलं, पाइप उघडून बघितलाच नव्हता. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. यातलं तिसरं आणि चौथं पाऊल नीट वाचा. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

१. हे फायबर नक्की कोणतं?

इंटरनेट कंपनी घरात आणते ते फायबर काचेचं असतं. त्याचा प्रकाश वाहणारा गाभा साधारण ९ मायक्रॉन, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक. आपण बोलतोय ते फायबर ॲक्रिलिकचं असतं, शास्त्रीय नाव पीएमएमए. त्याचा गाभा आणि त्यावरचा पातळ थर मिळून जाडी १ मि.मी. भरते. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसतं, बोटात धरता येतं, धारदार पात्याने कापता येतं. काचेच्या फायबरला जोड द्यायला वितळवून सांधणारं यंत्र आणि सराव लागतो. इथे कटर पुरतो. या फायबरचं सगळं आकर्षण यातच आहे.

प्रकाशही वेगळा. काचेतून जाणारा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. प्लॅस्टिकमधून ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पाठवतात आणि तो लखलखीत दिसतो. टीव्ही आणि साउंडबार जोडणारी ऑप्टिकल ऑडिओ केबल बघितली असेल तर हा लाल ठिपका तुमच्या ओळखीचा आहे. ती टॉसलिंक केबल, तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली. तिच्यातही बहुतेक वेळा असंच १ मि.मी.चं प्लॅस्टिक फायबर असतं.

आता तोटा. प्लॅस्टिक प्रकाश फार खातं. लाल प्रकाशाला मीटरमागे साधारण ०.२ डेसिबल घट धरा. ३ डेसिबल म्हणजे प्रकाश निम्मा. हिशेब केला तर १५ मीटरवर निम्मा, ३० मीटरवर पाव, ५० मीटरवर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. चांगल्या काचेच्या फायबरमध्ये तेवढीच ०.२ डेसिबल घट व्हायला अख्खा किलोमीटर लागतो. शिवाय गाभा जाड असल्यामुळे प्रकाशाचे किरण वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि मागेपुढे पोचतात, त्यामुळे अंतर वाढलं की वेगही घटतो. हे घरातलं, खोलीपासून खोलीपर्यंतचं साधन आहे. इमारतीपासून इमारतीपर्यंत ते नेऊ नका.

आणि पहिला सापळा: कंपनीच्या मोडेमवर जो काचेच्या फायबरचा सॉकेट असतो, त्याच्याशी या फायबरचा काही संबंध नाही. ते तिथे बसत नाही, बसवायचा प्रयत्नही करू नका. तिथला प्रकाश अदृश्य लेझरचा असतो, उघड्या टोकात डोकावायचं नाही. आपलं किट राउटरच्या नेहमीच्या लॅन पोर्टला, म्हणजे आरजे-४५ला जोडायचं.

२. तुम्हाला हे खरंच लागतंय का?

हा प्रश्न विक्रेता विचारणार नाही, म्हणून मी विचारतो.

टेलिफोन, केबल टीव्ही किंवा डेटासाठी वेगळा पाइप असेल आणि त्यातून कॅट-६ केबल जात असेल, तर तीच टाका. ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटसुद्धा, शिवाय त्याच केबलमधून कॅमेऱ्याला किंवा ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे लॅन केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणाऱ्या उपकरणाला, वीजही देता येते. प्लॅस्टिक फायबर वीज नेऊ शकत नाही आणि घरगुती किट १ गिगाबिटच्या पुढे जात नाहीत. उद्या २.५ किंवा १० गिगाबिटची गरज पडणार असेल तर आजच दुसरी वाट बघा.

मग हे कुणाला? ज्यांच्या भिंतीत विजेच्या तारांचा पाइप आहे आणि दुसरा कोणताच नाही, त्यांना. तांब्याची डेटा केबल विजेच्या तारांसोबत एकाच पाइपात घालायची नसते. कुठे इन्सुलेशन सोललं गेलं तर मेनचा प्रवाह सरळ तुमच्या राउटरपर्यंत येतो, आणि एरवीही शेजारच्या तारांचा खडखडाट सिग्नलमध्ये शिरतो. प्लॅस्टिक फायबरमध्ये धातूच नाही. वीज वाहणार नाही, मोटरचा खडखडाट शिरणार नाही, वेगवेगळ्या मजल्यांवरच्या अर्थिंगमधला फरकही त्यातून फिरणार नाही. विजेच्या पाइपात फायबर घालायला परवानगी आहे का आणि केबलचं आवरण कोणतं लागतं हे मात्र तुमच्या भागातल्या नियमांवर ठरतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला विचारूनच पुढे जा.

दुसरा उपयोग भाड्याच्या घरात. तिथे भिंतीला हात लावता येत नाही. ही केबल इतकी बारीक असते की स्कर्टिंगच्या कडेने किंवा दाराच्या चौकटीच्या फटीतून निघून जाते आणि लक्षातही येत नाही.

३. आधी मार्ग मोजा

माझी चूक इथेच झाली. मी घराच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढलं: १४ मीटर. म्हणून १५ मीटर केबलचं किट घेतलं. प्रत्यक्षात पाइप आधी वर छताकडे जातो, मग मधल्या जंक्शन बॉक्सला वळसा घालतो, मग पुन्हा खाली उतरतो. खरं अंतर निघालं २३ मीटर.

अंतर मोजायची खात्रीची रीत एकच. मेन स्विच बंद करा. बोर्डातली वीज गेली आहे हे टेस्टरने पाहा, नुसत्या अंदाजावर राहू नका. हे काम स्वतः कधी केलं नसेल तर इथूनच इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या. तार ओढायची स्प्रिंग एका बोर्डातून पाइपात सारा, दुसरीकडे बाहेर आली की आत शिरली तिथे रंगीत टेप गुंडाळा. मग स्प्रिंग पूर्ण बाहेर काढून जमिनीवर सरळ पसरा आणि टोकापासून टेपपर्यंतची लांबी मोजा. तेच तुमचं खरं अंतर. त्यात दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर आणि कापताना चुकेल म्हणून आणखी थोडं धरा.

स्प्रिंग आत असताना आणखी दोन गोष्टी कळतात. एक, पाइपात जागा किती आहे. स्प्रिंग सहज सरकली तर फायबर जाईल. प्रत्येक वळणावर ढकलावी लागली तर पातळ केबलचं किट शोधावं लागेल. दोन, वळणं कशी आहेत. १ मि.मी.च्या प्लॅस्टिक फायबरला साधारण २५ मि.मी. त्रिज्येपेक्षा घट्ट वळण चालत नाही. त्याहून घट्ट वळवलं की प्रकाश बाहेर गळतो. पाइपाचा गोलाईदार बेंड चालतो, पण काटकोनी एल्बो असेल तर धोका आहे. असे एल्बो दोनापेक्षा जास्त असले तर मी तो मार्ग सोडून दुसरा शोधेन.

अंतर ३० मीटरच्या आत आलं तर निश्चिंत राहा. ३० ते ५० मध्ये असेल तर त्या अंतराला पूर्ण वेग मिळेल असं माहितीपत्रकात लिहिलेलंच किट घ्या. ५० च्या पुढे असेल तर हा विचार इथेच सोडा.

मार्ग मोजताना दोन्ही टोकांना विजेचा सॉकेट कुठे आहे हेही लिहून घ्या. फायबरच्या दोन्ही टोकांना एकेक डबी बसते (तिच्याबद्दल पुढच्या पावलात), आणि दोन्ही डब्यांना वीज लागते. पलीकडच्या टोकाला सॉकेट नसला तर सगळा बेत अडतो, आणि ही गोष्ट ऐन वेळी लक्षात येते.

४. डबी निवडा

किटचा जीव केबलमध्ये नसतो, दोन टोकांच्या दोन डब्यांत असतो. यांना मीडिया कन्व्हर्टर म्हणतात. एका बाजूला लॅन पोर्ट, दुसऱ्या बाजूला फायबर. विजेच्या सिग्नलचा प्रकाश करायचा आणि प्रकाशाचा पुन्हा सिग्नल, एवढंच काम.

फायबरच्या बाजूचा वेग बघा. हा सगळ्यांत मोठा सापळा. जुन्या किटमध्ये फायबरवरून १०० मेगाबिट जातात, पण लॅन पोर्ट गिगाबिटचा असू शकतो, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात येतो तो पोर्टचा वेग. माझ्या पहिल्या किटचं नेमकं हेच झालं. राउटरवर गिगाबिटचा दिवा हिरवा आणि संगणकावर वेग ९४ मेगाबिट. मी दोन दिवस लॅन केबली बदलत बसलो. माहितीपत्रकात ऑप्टिकल बाजूचा वेग वेगळा दिला आहे का बघा. दिलेलाच नसेल तर ते किट घेऊ नका.

मानक विचारा. आयईईई या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये ८०२.३बीव्ही हे मानक काढलं. प्लॅस्टिक फायबरवरून १ गिगाबिट कसं न्यायचं ते त्यात ठरवलं आहे. घरगुती वापराच्या प्रकाराचं नाव १०००बेस-आरएचए. माहितीपत्रकात हे नाव असेल तर किटला मी जास्त गुण देतो. त्याआधीच्या उपकरणांत प्रत्येक उत्पादकाची पद्धत आपापली असू शकते. म्हणून नियम सोपा ठेवा: दोन्ही डब्या एकाच उत्पादकाच्या, एकाच मॉडेलच्या, शक्यतो एकाच खोक्यातून निघालेल्या. एक डबी जुनी आणि एक नवी असं जमवायला जाऊ नका.

फायबर कसं बसतं ते बघा. दोन पद्धती आहेत. एकीत फायबरच्या टोकाला प्लॅस्टिकचा कनेक्टर चढवायचा, काही प्रकारांत ते टोक घासून गुळगुळीत करायचं. दुसरीत कनेक्टरच नाही. कापलेलं उघडं फायबर डबीच्या भोकात सारायचं आणि वरची खिट्टी दाबायची. घरासाठी मी दुसरीच पद्धत सुचवेन. कारण सरळ आहे: पाइपातून कनेक्टरचं डोकं जात नाही, उघडं फायबर जातं. आणि टोक बिघडलं तर एक सेंटिमीटर कापून पुन्हा घालता येतं.

भोकाची जाडी आणि केबलची जाडी जुळवा. आतलं फायबर १ मि.मी. असलं तरी वरच्या आवरणाची जाडी किटागणिक बदलते. नेहमीची २.२ मि.मी., काही किटमध्ये १.५ मि.मी. केबल जोडीची असते, म्हणजे दोन दोऱ्या शेजारी-शेजारी, एक पाठवायला आणि एक घ्यायला, त्यामुळे २.२ वाली पाइपात ४.४ मि.मी. रुंदी अडवते आणि १.५ वाली ३ मि.मी. भरलेल्या पाइपात या फरकानेच काम होतं किंवा अडतं. पण पातळ आवरण जाड भोकात ढिलं बसतं, फायबर मध्यभागी राहत नाही आणि प्रकाश वाया जातो. डबी कोणत्या जाडीसाठी बनली आहे ते वाचूनच केबल घ्या.

पोर्ट आणि वायफाय. काही डब्यांत दोन-तीन लॅन पोर्ट असतात, काहींत वायफायही. पलीकडच्या खोलीत संगणक आणि टीव्ही दोन्ही जोडायचे असतील तर जास्त पोर्टवाली घ्या, पोर्ट वाढवणारा वेगळा नेटवर्क स्विच वाचतो. वायफाय आत असलेल्या डबीबद्दल माझं मत वेगळं आहे. वायफायचं तंत्र काही वर्षांत जुनं होतं, फायबर होत नाही. साधी डबी घ्या आणि तिला वेगळा ॲक्सेस पॉइंट जोडा. तो पुढे बदलता येतो.

भिंतीत, स्विचच्या जागी बसणाऱ्या डब्याही मिळतात. दिसायला सुरेख, पण त्या थेट मेनच्या विजेवर चालतात. त्या इलेक्ट्रिशियननेच बसवायच्या.

५. केबल वेगळी घ्यायची वेळ आली तर

किटमधली केबल कमी पडली की माणूस बाहेर शोधतो. तेव्हा चार गोष्टी मागा: पीएमएमए, १ मि.मी., स्टेप इंडेक्स (म्हणजे पूर्ण गाभा एकसारख्याच गुणाचा), जोडीची. जोडीतल्या एका दोरीवर रेघ किंवा छापील अक्षरं असावीत. ही खूण पुढे फार कामाची आहे.

सजावटीच्या दिव्यांसाठी, छतावर चांदण्या चमकवायला जे प्लॅस्टिक फायबर मिळतं ते घेऊ नका. त्यावर बहुधा काळं आवरण नसतं, काही प्रकार तर मुद्दाम कडेने प्रकाश सांडण्यासाठीच बनवलेले असतात. दिसतं सारखंच, डेटासाठी निरुपयोगी.

आणि केबल अखंड घ्या. १५ अधिक १० असं जोडून २५ करता येतं, पण प्रत्येक सांध्यात प्रकाश आणखी घटतो आणि भिंतीच्या आतला सांधा पुढे कुणालाच सापडत नाही.

६. हाताशी काय लागेल

- दोन डब्या, त्यांचे अडॅप्टर आणि दोन छोट्या लॅन केबल
- मोजलेल्या लांबीची जोडीची केबल
- प्लॅस्टिक फायबरचा कटर, बहुतेक किटमध्ये येतो
- तार ओढायची स्प्रिंग, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर
- इन्सुलेशन टेप, मार्कर, मोजपट्टी
- फोनची टॉर्च
- लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप, शक्य असल्यास दोन
- डब्यांचं माहितीपत्रक, कागदावर छापलेलं. मेन बंद असताना नेटही बंद असतं.

७. केबल ओढा

ओढण्याआधी एक चाचणी न चुकता करा. केबलची गुंडाळी जमिनीवर असतानाच दोन्ही डब्या जोडून बघा. इथे चाललं आणि भिंतीत गेल्यावर बंद पडलं तर दोष ओढण्यात आहे हे लगेच कळतं. मी दुसऱ्या वेळी हे केलं आणि पुढचा शोध फार सोपा झाला.

मेन बंद. स्प्रिंगच्या टोकाला केबल बांधताना गाठ मारू नका, गाठीत फायबर मोडतं. दहा-पंधरा सेंटिमीटर केबल स्प्रिंगला समांतर धरून त्यावर टेप चपटी गुंडाळा, टोकाकडे निमुळती होत जाईल अशी. एकाने ओढायचं, दुसऱ्याने पलीकडून हळूहळू सोडत जायचं. एकट्याने करू नका. अडलं की झटका देऊ नका, थोडं मागे घ्या आणि पुन्हा ओढा. प्लॅस्टिक ताणलं जातं. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत प्रकाशाची वाट बिघडते.

पाइप घट्ट असेल तर केबल ओढण्यासाठीच बनवलेलं पाण्याच्या आधाराचं वंगण वापरा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन जवळही आणू नका. ॲक्रिलिकवर त्यांनी बारीक तडे जातात. याच कारणासाठी कापलेलं टोक स्पिरिटनेही पुसू नये, कोरडं, मऊ, धागे न सुटणारं कापड पुरे.

गरम पाण्याच्या पाइपाला किंवा सतत तापणाऱ्या तारांना केबल चिकटून जाऊ देऊ नका. बहुतेक केबलची तापमानाची मर्यादा ७० ते ८५ अंश सेल्सियस असते.

८. टोक कापा

या कामात हात स्थिर लागतो, घाई नको.

आधी ओढताना दबलेला, टेप लावलेला टोकाचा भाग पूर्ण कापून टाका. मग जोडीच्या मधली पातळ पट्टी फाडून दोन दोऱ्या चार-पाच सेंटिमीटर वेगळ्या करा. उघडं फायबर सारायच्या डबीत बहुतेक वेळा आवरण सोलावं लागत नाही, आवरणासकट सरळ कापायचं असतं. तरी माहितीपत्रकात बघा.

कटरच्या भोकात दोरी घाला आणि एकाच, सलग दाबात कापा. मागेपुढे करवत चालवल्यासारखं केलं की टोक फाटतं. कात्री तर नकोच. कात्रीने फायबर आधी चेपलं जातं आणि मग तुटतं. कटरचं पातंही बोथट होतं, म्हणून घरात दुसऱ्या कामाला तो वापरू देऊ नका.

आता टोक उजेडात धरून बघा. चांगलं कापलेलं टोक गोल, सपाट आणि ओल्या काचेसारखं चमकतं. पांढरट, धुरकट दिसलं किंवा कडेला नखासारखा तुकडा लोंबत असला तर पुन्हा कापा. अर्धा सेंटिमीटर गेल्याने काही बिघडत नाही. मला पहिल्या दिवशी एका टोकासाठी चार वेळा कापावं लागलं.

मग टॉर्चची चाचणी. एका टोकाला फोनची टॉर्च टेकवा आणि दुसऱ्या माणसाला पलीकडच्या टोकाशी हात आडवा धरून बघायला सांगा. तळहातावर स्वच्छ गोल ठिपका पडला पाहिजे. दोन्ही दोऱ्यांचे ठिपके साधारण सारखे तेजस्वी हवेत. एक मंद असेल तर आधी त्याची दोन्ही टोकं पुन्हा कापा. तरी मंदच राहिला तर ती दोरी वाटेत कुठेतरी दबली आहे.

९. जोडा

इकडची पाठवणारी बाजू तिकडच्या घेणाऱ्या बाजूला जायला हवी. म्हणून रेघेची दोरी एका डबीत डाव्या भोकात असेल तर दुसऱ्या डबीत ती उजव्या भोकात जाते. नवख्या माणसाची गल्लत इथे हमखास होते. दोन्हीकडे सारखंच घातलं की काहीच चालत नाही आणि माणूस किट परत करायला निघतो.

ओळखायला सोपं आहे. एक डबी चालू केली की तिच्या एका भोकातून लाल उजेड दिसतो, ते पाठवणारं. त्यात दोरी घाला. पलीकडे ज्या दोरीच्या टोकाला लाल दिसेल ती दुसऱ्या डबीच्या उजेड नसलेल्या भोकात. हा उजेड लेझरचा नसून एलईडीचा असतो, तरी डोळ्यांसमोर धरून टक लावू नका. तळहातावर पाडून बघा.

दोरी भोकात पूर्ण आत, थांबेपर्यंत सारा. मग खिट्टी लावा. हलकेच ओढून बघा, सरकली नाही पाहिजे. दोन्ही डब्यांवर फायबरचा दिवा लागला की लॅन केबल जोडा.

१०. वेग मोजा

इंटरनेटचा वेग दाखवणाऱ्या साइटवर विसंबू नका. तुमचं कनेक्शनच १०० मेगाबिटचं असेल तर त्यातून फायबरबद्दल काहीच कळणार नाही. दोन लॅपटॉप घ्या, एक राउटरच्या लॅन पोर्टला आणि एक पलीकडच्या डबीला जोडा, दोन्हींवर आयपर्फ ३ हे मोफत साधन चालवा. गिगाबिटच्या किटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा. ९४ आला तर वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा टप्पा आहे. ती लॅन केबलची तुटलेली जोडी असेल किंवा डबीच १०० ची असेल. मधलाच, खालीवर होणारा आकडा आला तर फायबरच्या टोकांवर संशय घ्या.

मग पलीकडच्या डबीला जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटरला पिंग लावून, म्हणजे डेटाची छोटी पाकिटं पाठवून उत्तर येतं का बघणारी आज्ञा देऊन, रात्रभर सोडा. सकाळी हरवलेली पाकिटं शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ हवीत. परतीची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरकून घ्या.

११. चालत नसेल तर, याच क्रमाने

फायबरचा दिवा कोणत्याच डबीवर नाही: बहुतेक वेळा दोऱ्या उलट आहेत. एका बाजूच्या दोन दोऱ्यांची अदलाबदल करा.

एका डबीवर दिवा आहे, दुसरीवर नाही: एक दोरी चालते, दुसरी नाही. जिथे दिवा नाही तिथे येणाऱ्या दोरीची दोन्ही टोकं कापून पुन्हा बसवा.

दिवे लागतात पण अधूनमधून तुटतं: बोर्डाचं झाकण लावताना केबल मागे दबली आहे का बघा. माझ्याकडे महिनाभराने हेच निघालं. स्क्रू आवळला की कॉल तुटायचा, सैल केला की सुरू. बोर्डामागे केबलची गोलाई मोठी ठेवली आणि त्रास संपला.

राउटर म्हणतो जोडणी आहे, पण पलीकडे काहीच नाही: राउटरला दिसते ती जवळची डबी. मागचं फायबर तुटलं तरी काही मॉडेलमध्ये राउटरवरचा दिवा तसाच राहतो. म्हणून नेहमी डबीवरचा फायबरचा दिवा बघायचा.

सगळं बंद: पलीकडच्या खोलीत कुणी अडॅप्टर काढून त्या सॉकेटवर फोन तर लावला नाही ना? अडॅप्टरवर कागद चिकटवा, ‘काढू नये, नेट बंद होईल’. आमच्याकडे तो कागद लागल्यापासून ही तक्रार आली नाही.

१२. झाकण लावण्याआधी

दोन्ही टोकांना वीस-तीस सेंटिमीटर केबल जास्त ठेवा, सैल गोल वेटोळं करून. पुढे टोक पुन्हा कापावं लागलं तर हीच लांबी कामी येते. बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने चार ओळी लिहा: आत प्लॅस्टिक फायबर आहे, कुठून कुठे जातं, किती मीटर, रेघेची दोरी कोणत्या भोकात. पुढे कुणी इलेक्ट्रिशियन तो बोर्ड उघडेल तेव्हा काळी बारीक तार बघून ती निकामी समजून कापणार नाही. कटर आणि उरलेला केबलचा तुकडा एका पिशवीत घालून वितरण बोर्डाशेजारी टांगून ठेवा.